मिटेनवाल्ड : आईबाबांना उन्हाळ्यात न्यावे की हिवाळ्यात?

कृष्णाकाठ
१६ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मला म्युनिकला येऊन सहा वर्षे झाली आणि आता माझे आईबाबा सांगलीहून पहिल्यांदाच इकडे यायचे म्हणत आहेत. मुक्काम सहा आठवड्यांचा असेल. त्यातले तीन दिवस त्यांना मिटेनवाल्डला न्यावे असे माझ्या मनात आहे. ते गाव बव्हेरियाच्या दक्षिण टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून, इसार नदीच्या खोऱ्यात सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले आहे. मी गेल्या जूनमध्ये तिथे एक रात्र राहिले होते. भिंतींवर संतांची आणि देवदूतांची चित्रे रंगवलेली जुनी घरे, ओबरमार्क्ट नावाच्या मुख्य रस्त्याच्या कडेने वाहणारा उघडा ओहोळ आणि घरांच्या छपरांमागे थेट उभी ठाकलेली कारवेंडेल डोंगररांगेची करडी भिंत हे सारे पाहून मला पहिल्यांदा बाबांचीच आठवण झाली, कारण ते गाव व्हायोलिन बनवणाऱ्यांचे आहे आणि बाबांनी सांगलीत तीस वर्षे नाट्यसंगीताला व्हायोलिनची साथ केली आहे.

अडचण अशी की बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचा उजवा गुडघा दुखतो. आई सहासष्ट वर्षांची आहे, चालायला खणखणीत आहे, पण तिने आयुष्यात बर्फ पडताना पाहिलेला नाही. "मला एकदा बर्फ पडताना पाहायचा आहे, बाकी तू नेशील तिथे मी येईन," एवढेच ती म्हणते. जूनमध्ये बोलवावे की जानेवारी-फेब्रुवारीत, हे ठरवल्याशिवाय विमानाची तिकिटे काढता येत नाहीत. ज्यांनी हे गाव दोन्ही ऋतूंत पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सह्यवेडा
१६ मार्च, रात्री १०:१५

उन्हाळा, यात मला शंका वाटत नाही. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे वयस्कर माणसांना घाई करावी लागत नाही. दुपारी दोन तास विश्रांती घेऊन पाच वाजता बाहेर पडले तरी फिरायला चार तास हातात राहतात. गावाच्या वर लाउटरझे नावाचे छोटे तळे आहे. तिथे चालत पाऊण तासात पोहोचता येते आणि उन्हाळ्यात बसही जाते, म्हणजे काकांच्या गुडघ्याचा प्रश्न सुटतो. तळ्याच्या काठावर एक लहानसे देऊळवजा चॅपेल आहे, बसायला बाक आहेत, आणि पाण्यात डोंगराचे प्रतिबिंब इतके स्थिर असते की माणूस आपोआप हळू आवाजात बोलू लागतो.

लॉयटाश नदीच्या घळीवर पोलादी जाळीच्या पायवाटा बांधल्या आहेत, त्याही फक्त बर्फ नसताना उघड्या असतात. मात्र त्या जाळीतून पायाखालची खोल दरी दिसते. काकूंना उंचीची भीती वाटत असेल तर आधी विचारून घ्या.

पारिजात७
१६ मार्च, रात्री १०:३१

हिवाळा. काकूंनी एकच गोष्ट मागितली आहे, ती त्यांना द्या.

मृद्गंध
१६ मार्च, रात्री ११:०२

पारिजात७, भावना पटली, परंतु मी पाच वर्षे इन्सब्रुकमध्ये राहते आणि माझा अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. ताज्या बर्फावरून चालणे फारसे अवघड नसते. दिवसा थोडा वितळून रात्री पुन्हा गोठलेला बर्फ मात्र काचेसारखा असतो, आणि त्यावर पाय पडला की तरुण माणूसही आडवा होतो. माझ्या सासूबाई सकाळी आठ वाजता राहत्या घराच्या पायरीवरच घसरल्या आणि त्यांचे मनगट मोडले. पायरीवर खडी टाकलेली नव्हती आणि आम्हीही ती टाकली आहे का हे पाहिले नव्हते.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी पाळू लागलो. बुटांच्या तळव्यांवर ओढून चढवायच्या खिळ्यांच्या रबरी पट्ट्या क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळतात, त्या पहिल्याच दिवशी घ्यायच्या. एकाऐवजी दोन काठ्या घ्यायच्या. सकाळी दहाच्या आत बाहेर पडायचे नाही. मिटेनवाल्डमध्ये हिवाळ्यातही साफ ठेवलेल्या चालण्याच्या वाटा आहेत आणि पर्यटन कार्यालयात त्यांचा नकाशा मिळतो, त्याच वाटांवर राहायचे. एवढे केले तर हिवाळा अशक्य नाही. गुडघ्याचे दुखणे कितपत आहे ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

दूरदेशी
१७ मार्च, सकाळी ७:५०

मी थोडे वेगळे मत मांडतो. माणसे सात हजार किलोमीटरवरून येणार, तर एका लहान गावात तीन दिवस कशासाठी घालवायचे? म्युनिकहून रेल्वेने पावणेदोन-दोन तासांत पोहोचता येते. सकाळी निघून संग्रहालय पाहावे, मुख्य रस्त्यावरून फेरफटका मारावा, केबल कारने वर जाऊन यावे आणि संध्याकाळी परतावे. आम्ही ऑगस्टमध्ये असेच केले आणि काही राहिले असे वाटले नाही. उरलेले दोन दिवस साल्झबुर्गला द्यावेत. रंगवलेली घरे तिथल्या आसपासच्या बऱ्याच गावांत आहेत.

इतिहासवाटा
१७ मार्च, दुपारी १:२५

दूरदेशी, आपण दिलेला वेळ आणि क्रम व्यवहार्य आहे हे मान्य. परंतु त्या गावाला 'रंगवलेली घरे' एवढ्यावर सोडणे मला योग्य वाटत नाही, कारण ती घरे कोणाच्या पैशाने उभी राहिली हे कळले की तिथले पाहणेच बदलते.

मिटेनवाल्ड हे बाजाराचे गाव आहे. ऑग्सबुर्गहून आल्प्स ओलांडून व्हेनिसकडे जाणारा व्यापारी रस्ता इथून जात असे. या रस्त्यावर 'रोट' नावाची पद्धत होती : प्रत्येक टप्प्यावरचा माल वाहून नेण्याचा हक्क त्या टप्प्यावरच्या गाडीवानांचाच असे, परगावच्या गाडीवानाने माल थेट पुढे न्यायचा नाही. माल उतरवायचा, गावातल्या वखारीत ठेवायचा, भाडे भरायचे आणि मग इथल्या गाड्यांनी पुढे जायचे. त्या वखारीला बालेनहाउस, म्हणजे गाठोड्यांचे घर, म्हणत. आज व्हायोलिनचे संग्रहालय ज्या गल्लीत आहे तिचे नाव बालेनहाउसवरूनच पडले आहे.

मग १४८७ साल आले. शेजारच्या तिरोलचा राज्यकर्ता आर्चड्यूक झिगमुंड याचे व्हेनिसशी भांडण जुंपले आणि त्याने बोत्सेनच्या, म्हणजे आजच्या इटलीतल्या बोल्झानोच्या, जत्रेत आलेल्या व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना अटक केली. व्हेनिसकरांनी त्या जत्रेकडे पाठ फिरवली आणि आपला बाजार डोंगराच्या या बाजूला, मिटेनवाल्डला आणला. मिटेनवाल्ड तिरोलच्या सत्तेखाली नव्हते. ते वेर्डेनफेल्स परगण्यात होते आणि तो परगणा फ्रायसिंगच्या राजबिशपांच्या ताब्यात होता. तो बाजार १६७९ पर्यंत, म्हणजे १९२ वर्षे, इथे भरत राहिला. नाव मात्र 'बोत्सेनचा बाजार' असेच राहिले. रेशीम, कापूस, दारू, काच आणि मसाले या गल्ल्यांतून गेले. त्या मसाल्यांतली मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून निघून तांबड्या समुद्रातून व्हेनिसला पोहोचलेली असे. ओबरमार्क्टवर उभे राहिल्यावर मला प्रत्येक वेळी त्या मिरीच्या पोत्यांची आठवण होते, आणि आपल्याकडच्या एका घाटरस्त्यावर बैलाच्या पाठीवर सुरू झालेला प्रवास इथल्या वखारीत एक रात्र थांबला असेल या विचाराने मन भरून येते.

आता कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाकडे येतो. या गावाचा धंदाच ऋतूंनी वाटून दिलेला होता. उन्हाळ्यात इसारच्या पाण्यावर ओंडक्यांचे तराफे बांधून माल म्युनिककडे सोडला जाई. हिवाळ्यात नदी उपयोगाची नसे, तेव्हा डोंगरावरचे लाकूड आणि वाळलेला चारा वाकड्या शिंगांसारख्या दांड्यांच्या घसरगाड्यांवरून खाली आणला जाई. म्हणून उन्हाळ्यात जाणाऱ्याने नदीकाठी, इम ग्रीस या सर्वांत जुन्या वस्तीत वेळ काढावा, आणि हिवाळ्यात जाणाऱ्याने डोंगराकडे तोंड करून उभे राहावे. एकाच दिवसात दोन्ही होणार नाही.

दूरदेशी
१७ मार्च, दुपारी ३:१०

इतिहासवाटा, हे मला ठाऊक नव्हते, आणि आमच्या ऑगस्टच्या भेटीत मी त्या गल्लीतून पाटी न वाचता गेलो होतो हे मान्य करतो. तरीही मला एक विचारायचे आहे. बाजार १६७९ मध्ये गेला म्हणता, तर त्यानंतर गाव तगले कसे?

इतिहासवाटा
१७ मार्च, सायंकाळी ६:४५

चांगला प्रश्न आहे. बोत्सेनने मधल्या काळात आपली बाजू सावरली होती. १६३५ मध्ये तिरोलची राज्यकर्ती क्लाउडिया दे मेदिची हिने तिथल्या व्यापाऱ्यांना स्वतःचे न्यायासन दिले, जिथे जर्मन आणि इटालियन व्यापाऱ्यांचे तंटे त्यांचेच प्रतिनिधी लवकर सोडवत. व्यापाऱ्याला सुरक्षितता आणि झटपट न्याय मिळाला की तो परत येतो. मिटेनवाल्डचे उत्पन्न आटले. नेमके त्याच सुमारास, १६८४ च्या आसपास, माथियास क्लोट्स नावाचा इथलाच एक तरुण परदेशात शिकून परत आला आणि त्याने व्हायोलिन बनवायला सुरुवात केली. त्याचा जन्म १६५३ चा, मृत्यू १७४३ चा. नव्वद वर्षांच्या आयुष्यात त्याने एका बुडत्या गावाला हस्तकलेचा आधार दिला. चर्चसमोर त्याचा पुतळा आहे, हातात व्हायोलिन घेऊन काम करणारा. पुढचे तंतू यांनी सांगावे, त्यांचा तो विषय आहे.

तंतू
१७ मार्च, रात्री १०:०५

हाक मारल्याबद्दल आभार. मी मूळचा मिरजेचा. आमच्या घरी वाद्ये बनत नाहीत, पण आमच्या गल्लीत बनतात, आणि लहानपणापासून सतारीच्या भोपळ्यांवर बसून मी शाळेचा अभ्यास केला आहे.

मिटेनवाल्डला मी दोनदा गेलो, एकदा जुलैत आणि एकदा डिसेंबरच्या सुरुवातीला. क्लोट्स इटलीत पादुआला तंतुवाद्यांच्या कारखान्यात शिकला होता, आणि परतल्यावर त्याला जे लागत होते ते सगळे त्याच्या दारात उभे होते. व्हायोलिनचा पुढचा भाग स्प्रूस या सूचीपर्णी झाडाचा आणि मागचा भाग मेपलचा. उंचावरच्या थंड उतारावर स्प्रूस फार हळू वाढते, त्यामुळे त्याच्या वर्तुळांच्या रेषा बारीक आणि एकसारख्या येतात, आणि अशी फळी हलकी असूनही ताठ राहते. झाड तोडायचे ते हिवाळ्यात, कारण तेव्हा त्यात रस कमी असतो, आणि मग लाकूड वर्षानुवर्षे हवेवर सुकवायचे. म्हणजे व्हायोलिनच्या गावाचा कच्चा माल हिवाळ्यात येतो. उन्हाळ्यात पर्यटकाला दिसतो तो तयार माल. मिरजेतही भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भीमाकाठावरून येतात आणि कारागीर ते वर्षभर साठवून, ठोकून, ऐकून मग निवडतो. लाकडाच्या फळीवर बोटाची पेरे वाजवून कान लावणारा मिटेनवाल्डचा कारागीर मी पाहिला तेव्हा मला आमची गल्ली आठवली आणि मी दुकानाच्या दारातून अर्धा तास हललो नाही.

कृष्णाकाठ, तुमच्या बाबांसाठी एक सुचवतो. संग्रहालय लहान आहे, पण तिथे घाई करू नका. क्लोट्स घराण्याची वाद्ये काचेत आहेत. त्यानंतर गावातल्या एखाद्या चालू कार्यशाळेत आधी ईमेल करून वेळ मागा आणि बाबा वादक आहेत हे अवश्य कळवा. इथे १८५८ मध्ये राजा माक्सिमिलियन दुसरा याने व्हायोलिन बनवण्याची शाळा स्थापन केली आणि ती आजही चालू आहे, त्यामुळे गावात तरुण कारागीरही भेटतात. जुलै-ऑगस्टमध्ये कारागिरांकडे येणारी-जाणारी माणसे फार असतात. डिसेंबरमध्ये मला एका वृद्ध कारागिराने स्वतःहून आत बोलावले आणि मी मोबाइलवर गजाननबुवा जोशींचे व्हायोलिन ऐकवले तेव्हा त्याने रंधा खाली ठेवला. मांडी घालून, व्हायोलिनचे डोके पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवतात हे त्याला मी जमिनीवर बसून दाखवले.

यासाठी माझे मत हिवाळ्याला.

कृष्णाकाठ
१७ मार्च, रात्री १०:४८

तंतू, हे मी बाबांना फोनवर वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "मिरजेचा आहे का तो मुलगा?"

भाकरतुकडा
१८ मार्च, सकाळी ९:२०

खाण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. काका-काकू शाकाहारी असतील असे गृहीत धरते. अंडे चालत असेल तर उपाशी राहण्याची वेळ येणार नाही. केझश्पेट्झले म्हणजे चीज घातलेल्या मऊ शेवयांसारखा पदार्थ, वर तळलेला कांदा. पालकाचे क्नोडेल मिळतात, ते पावाचे असतात आणि त्यांचा आकार आपल्या मुटक्यांसारखा. ब्रेडच्या साध्या क्नोडेलमध्ये मात्र कधीकधी सुके डुकराचे मांस बारीक चिरून घातलेले असते, म्हणून 'ओने श्पेक' हे दोन शब्द पाठ करून ठेवा आणि प्रत्येक वेळी विचारा. कायझरश्मार्न हा गोड, फाडलेला जाड धिरड्यासारखा पदार्थ काकूंना नक्की आवडेल.

तीन दिवस राहणार असाल तर हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली सुट्टीची सदनिका घ्या. रविवारी दुकाने बंद असतात, शनिवारीच दूध, दही, भाज्या आणून ठेवा. भाजणी बरोबर न्या. बाहेर उणे आठ अंश असताना गरम थालीपीठ आणि लोणी खाऊन निघालेला माणूस दोन तास कुरकुर करत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

निळासावळा
१८ मार्च, दुपारी १२:१०

मी गार्मिशमध्ये दोन हिवाळे आणि तीन उन्हाळे काढले आहेत. मिटेनवाल्ड तिथून वीस-पंचवीस मिनिटांवर, त्यामुळे माझी फेरी वारंवार होत असे. आतापर्यंतच्या चर्चेत तीन गोष्टी आलेल्या नाहीत.

पहिली गोष्ट उन्हाची. कारवेंडेलची भिंत गावाच्या पूर्वेला आहे आणि वेटरश्टाइनची रांग पश्चिमेला. डिसेंबर-जानेवारीत सूर्य मुळात खाली असतो आणि त्याला ती पूर्वेची भिंत चढून यावे लागते, म्हणून घड्याळात दिवस उजाडला तरी गावात ऊन उशिरा उतरते आणि तोपर्यंतची थंडी अंगात शिरणारी असते. संध्याकाळी मात्र गावात सावली पडून गेलेली असताना कारवेंडेलच्या माथ्यावर शेवटचे ऊन राहते आणि तो करडा चुनखडक आधी पिवळा, मग गुलाबी, मग तांबूस होतो. जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा खेळ असतो. दूरदेशी यांची परतीची गाडी नेमकी त्याच वेळेला सुटते, म्हणून त्यांच्या एकदिवसीय सहलीला माझा विरोध आहे.

दुसरी गोष्ट फ्योन वाऱ्याची. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून आलेली हवा या बाजूला खाली उतरताना दर शंभर मीटरला साधारण एक अंशाने तापते आणि कोरडी होते. जानेवारीत अचानक दहा-बारा अंश तापमान होते, आकाश स्वच्छ निळे होते, डोंगर हाताला लागतील इतके जवळ दिसतात, आणि दोन दिवसांत गावातला बर्फ पाण्यासारखा वाहून जातो. काही जणांना त्यात डोके दुखण्याचा त्रास होतो. म्हणून 'जानेवारीत गेलो म्हणजे बर्फ मिळणारच' असे काकूंना वचन देऊ नका. गाव फार उंचावर नाही. मुक्काम तीन दिवसांचा ठेवण्याचे माझ्या दृष्टीने हेच मोठे कारण आहे, एका दिवसाच्या नशिबावर सगळे सोपवू नये.

तिसरी गोष्ट घंटांची. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, सुरू होण्याआधीच्या गुरुवारी, म्हणजे राखेच्या बुधवाराच्या आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी, मिटेनवाल्डमध्ये लाकडी मुखवटे घातलेले पुरुष कमरेला गुरांच्या जड घंटा बांधून रस्त्यावर उतरतात. त्यांना शेलेनर्‍युहरर म्हणतात. ते एका तालात उड्या घेत चालतात आणि सगळ्यांच्या घंटा एकदम वाजतात. हिवाळ्याला हाकलून झोपलेली जमीन जागी करायची, अशी त्यामागची जुनी समजूत. मुखवटे हाताने कोरलेले असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत जपून ठेवलेले असतात. कोणी मुखवट्यामागचा चेहरा ओळखला तरी नाव घ्यायचे नाही असा संकेत आहे. आपल्याकडचा शिमगा ज्याने कोकणात पाहिला आहे त्याला हे परके वाटणार नाही, फक्त पायाखाली माती नसून बर्फ असतो. तारीख दर वर्षी बदलते, कारण ती ईस्टरवर अवलंबून असते. तिकिटे काढण्यापूर्वी पाहून घ्या.

पारिजात७
१८ मार्च, दुपारी १२:२२

मी आधीच सांगितले होते, हिवाळा.

सह्यवेडा
१८ मार्च, दुपारी २:००

निळासावळा, सुंदर लिहिले आहे. पण मी माझे मत सोडणार नाही. मधला मार्ग सुचवतो. केबल कार खालून वर तेराशे मीटर चढवते, वरचे स्थानक २२४४ मीटरवर आहे, आणि मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला तिथल्या सावलीच्या घळींत बर्फ साठलेला असतो. काकूंना बर्फाला हात लावता येईल, मूठभर उचलता येईल, आणि दोन तासांनी खाली येऊन कोवळ्या उन्हात बसता येईल. फक्त वसंतात आणि शरदाच्या शेवटी देखभालीसाठी केबल कार काही आठवडे बंद असते, त्या तारखा टाळा.

मृद्गंध
१८ मार्च, दुपारी २:४०

सह्यवेडा, जूनमधला जुना बर्फ करडा आणि खडबडीत असतो. काकूंनी 'बर्फ पडताना' म्हटले आहे. साठलेला बर्फ पाहणे आणि पडणारा पाहणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बर्फ पडू लागला की सगळे आवाज दबतात, रस्त्यावरची गाडीसुद्धा दूर गेल्यासारखी वाटते. मी मघाशी सावधगिरीचे इतके लिहिले, तरी ही गोष्ट मलाही मान्य करावी लागते.

रानवाट
१८ मार्च, सायंकाळी ५:३०

दोन्ही बाजूंना सोडून मी सप्टेंबरचे नाव घेतो. उन्हाळाभर डोंगरावरच्या कुरणांत चरलेली जनावरे सप्टेंबरमध्ये खाली आणतात. त्या वर्षी डोंगरावर कोणाला अपघात झाला नसेल, एकही जनावर दगावले नसेल, तरच गाईंच्या डोक्यावर फुलांचे आणि फांद्यांचे मुकुट चढवतात. आपला बैलपोळा आठवतो. पण त्यातही एक भेद मला जाणवला : आपण श्रमाबद्दल पूजा करतो, ते सुखरूप परतल्याबद्दल सजवतात.

शिवाय भिंतीवरच्या चित्रांबाबत एक निरीक्षण. जुलैत खिडक्यांखाली जिरेनियमची लाल फुले इतकी दाट असतात की चित्रांचा खालचा भाग झाकला जातो. ही चित्रे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेली आहेत, रंग भिंतीतच मुरलेला आहे, म्हणून बाहेरच्या हवेत टिकली. फुले नसताना ती पूर्ण दिसतात. चर्चच्या मनोऱ्यावरची चित्रे तर बर्फाच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर मी अधिक स्पष्ट पाहिली आहेत.

इतिहासवाटा
१८ मार्च, रात्री ८:१५

रानवाट यांच्या सप्टेंबरला एक जोड देतो. जर्मन कवी गटे इटलीला जाताना ७ सप्टेंबर १७८६ रोजी मिटेनवाल्डला मुक्कामाला होता. तेव्हा बाजार जाऊन शंभरहून अधिक वर्षे झाली होती आणि व्हायोलिनचा धंदा भरात होता. त्याला या रस्त्याने घोडागाडी मिळाली. आपल्याला रेल्वे मिळते, आणि तीही पाहण्यासारखी आहे. इन्सब्रुक ते मिटेनवाल्ड आणि पुढे गार्मिश हा मार्ग १९१२ मध्ये सुरू झाला. योझेफ रील या अभियंत्याने तो आखला आणि तो विजेवर चालवण्यासाठीच बांधला गेला. म्युनिकला परतण्याआधी एक दिवस उलट दिशेने इन्सब्रुकपर्यंत जाऊन या. काकांना गुडघ्याला काहीही त्रास न देता डोंगर ओलांडल्याचा अनुभव येईल. बसताना खिडकीची जागा धरा, झेफेल्डनंतर गाडी इन खोऱ्यात उतरते तेव्हा खाली फार मोठा देखावा उघडतो.

दूरदेशी
१८ मार्च, रात्री ८:५०

तिकिटाचे मी सांगतो. बायर्न, म्हणजे बव्हेरियाचे, दिवसाचे तिकीट पाच जणांपर्यंत एकत्र घेता येते, सर्व प्रादेशिक गाड्यांत चालते, आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर वैध असते. तिथे मुक्काम केला की निवासाचे मालक पाहुण्यांचे कार्ड देतात, त्यावर स्थानिक बस मोफत असते. आमच्या एकदिवसीय सहलीत ते मिळाले नव्हते. मुक्कामाच्या बाजूने हा मुद्दा मीच नोंदवतो.

कृष्णाकाठ
२० मार्च, रात्री ९:३०

सर्वांचे मनापासून आभार. घरी तीन रात्री यावरच बोलणे झाले. बाबांच्या डॉक्टरांनी सपाट, साफ वाटेवर काठ्या घेऊन चालायला हरकत नाही असे सांगितले. आई म्हणाली, उन्हाळा सांगलीत पुष्कळ पाहिला आहे. बाबांनी फक्त एवढे विचारले की हिवाळ्यात व्हायोलिनच्या तारा उतरतात का. फेब्रुवारीची तिकिटे काढत आहे, घंटांचा गुरुवार पाहूनच. परत आल्यावर लिहीन.

तंतू
२० मार्च, रात्री ९:४४

तारांपेक्षा खुंट्यांची काळजी घ्या. तापलेल्या घरातली कोरडी हवा लाकूड आकसवते, खुंट्या सैल पडतात आणि कधी जोड उकलतो. बाबा स्वतःचे वाद्य आणणार असतील तर पेटीत ओलावा राखणारी नळी ठेवा. विमानात ते हातातल्या सामानातच न्या.

कृष्णाकाठ
२ मार्च, रात्री १०:२०

वर्षभराने या धाग्यावर परत येत आहे. आईबाबा परवाच सांगलीला सुखरूप पोहोचले.

आम्ही बुधवारी दुपारी मिटेनवाल्डला उतरलो तेव्हा फ्योन सुरू होता. निळासावळा यांनी लिहिले होते तसेच घडले : अकरा अंश, निळे आकाश आणि पन्हळींमधून धो धो वाहणारे पाणी. ओबरमार्क्टवर बर्फाचा कण नव्हता. आई काही बोलली नाही, पण तिने नवा जाड कोट काढून हातावर घेतला तेव्हा मला फार वाईट वाटले. संध्याकाळी कारवेंडेल तांबूस झाला. ती सदनिकेच्या खिडकीशी स्टूल घेऊन बसली आणि तो रंग जाईपर्यंत तिथेच बसून राहिली.

गुरुवारी घंटा ऐकल्या. मुखवटे पाहून बाबांना दशावतार आठवले. त्यांनी माझा दंड धरला आणि पायाने ताल धरून मोजू लागले. ती माणसे गल्लीच्या वळणापलीकडे गेल्यावरही घंटांचा आवाज भिंतींवरून परत येत राहिला, तो बाबांनी डोळे मिटून ऐकला.

शुक्रवारी सकाळी आम्ही एका कार्यशाळेत गेलो, वेळ आधी मागितली होती. बाबांनी आपले व्हायोलिन नेले होते. ते सांगलीत चाळीस वर्षांपूर्वी जुने घेतलेले, आतली चिठ्ठी फाटलेली. कारागिरीण तिशीची असेल. तिने आरसा आत घालून ते पाहिले, मागच्या फळीवर बोटे फिरवली, आणि एक सैल झालेला जोड तिथल्या तिथे चिकटवून दिला. त्यासाठी तिने पैसे घेतले नाहीत, वाजवून दाखवा म्हणाली. जोड सुकायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणे आवश्यक होते, म्हणून तिने तिथल्या फळीवरचे एक नवे, वार्निश न केलेले व्हायोलिन बाबांच्या हातात दिले. बाबांना खाली बसता येईना, गुडघ्यामुळे. तिने एक बुटका स्टूल आणला, त्यांनी पाय लांब केला, वाद्य छातीशी टेकवले आणि भीमपलास वाजवला. सुमारे दहा मिनिटे. मागच्या टेबलावरचे दोघे काम थांबवून उभे होते.

आम्ही वाद्य परत घ्यायला शनिवारी सकाळी पुन्हा गेलो. रात्रीत वारा फिरला होता. निघालो तेव्हा आधी पावसासारखे काहीतरी होते, चर्चपाशी पोहोचेपर्यंत ते पांढरे झाले. आई क्लोट्सच्या पुतळ्याशेजारी थांबली. मी छत्री उघडली तर तिने ती मिटायला लावली.

पारिजात७
२ मार्च, रात्री १०:३६

काकू काय म्हणाल्या?

कृष्णाकाठ
२ मार्च, रात्री १०:४१

म्हणाली, "आवाजच नाही गं याला."